काठीवाल्याची फटफटी

फटफटी जागेवर उभी करून, पाय जमिनीला न लावता, बँडचं एक गाणं संपेपर्यंत तिच्यावर उभं राहायचं. हे कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की मी सांगतो, काठीखाली. ऐकणारा सोलापूरचा असला तर मान डोलावतो. बाहेरचा असला तर त्याला वाटतं म्हातारा चेष्टा करतोय. चेष्टा कसली डोंबलाची! सांगतो, ऐका.

आमच्याकडं संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते, तिच्यात देवाच्या काठ्या निघतात. काठी म्हणजे हातात धरायची नव्हे. दुमजली घराच्या वर जाईल एवढी उंच, अंगावर हार, शेंड्याला बाशिंग. एक माणूस कमरेला पट्टा बांधतो, पट्ट्याच्या खोबणीत काठीचा बुंधा बसवतो आणि दोन्ही हातांनी ती उभी धरून गर्दीतून चालतो. चालताना खाली बघायचं नाही, नजर शेंड्यावर. शेंडा उजवीकडं कलला की पाय उजवीकडं, डावीकडं कलला की डावीकडं. काठीला ओढून सरळ करायला जायचं नाही, आपणच तिच्या खाली जायचं. त्या वाटेतल्या एका टप्प्याची पाळी आमच्या घराकडं होती. आधी आजोबांनी धरली, मग अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी. अप्पांच्या मागं मी.

दिवाळी झाली की सरावाच्या काठीला वाळूच्या पिशव्या बांधून आम्हा पोरांना मैदानात उतरवायचे. अप्पा बाजूला उभे राहून एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगायचे. काठी पडायला लागली तर सोडून पळायचं न्हाय, तिच्या खाली अंग घालायचं. माणूस पडला तर उठतो. काठी पडली तर वर्षभर गावात तोंड दाखवायची चोरी. हे एवढं घोटून घेतलं होतं की झोपेत पलंगावरनं पडलो असतो तरी आधी पलंग धरला असता.

आता काठी वर्षातनं एकदा. उरलेल्या दिवसांचं काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी गिरणीत फिटर होतो. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. मागांचा खडखडाट कानात घेऊन घरी यायचं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायची आणि पुन्हा भोंग्याची वाट बघायची. दुष्काळ नुकताच सरला होता, माणसं सुटली बाबा एकदाची म्हणून निवांत झाली होती. मला मात्र निवांतपणा सहन होत नव्हता. जेवताना पाय हलायचा. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, पाय हलवू नगंस, लक्ष्मी जाती घरातली. मी म्हणायचो, असंल तर जाईल की. मग ती पळीच उगारायची.

माझ्यासारखाच दुसरा उडाणटप्पू म्हणजे मिस्त्री. विजापूर वेशीजवळ त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे लिंबाचं झाड आणि खाली एक पेटी. माझ्याच वयाचा, तोंडानं फाटका, मनानं लाख. आमची मैत्री भांडणातनं झाली आणि भांडणावरच टिकली. गड्ड्यात मौतका कुवा यायचा, त्यात लाकडी भिंतीला चिकटून गोल गोल फटफट्या पळवायचे. मिस्त्री तो दरवर्षी डोळे फाडून बघायचा. मी त्याला एकदा म्हणालो, यात काय मोठं, जोरात पळणारी गाडी आपली आपण उभी राहती. हळू चालवून दाखवा म्हणावं. उभी करून दाखवा.

 मिस्त्रीनं पेटीतनं एक इंग्रजी मासिक काढलं. रद्दीत मिळालेलं, कुणा साहेबाच्या घरचं असावं. त्यात बाहेरच्या देशातली माणसं बारक्या, हाडकुळ्या फटफट्यांवर उभी राहून दगडांवर चढत होती. सीट नावापुरती, दिवा नाही, मडगार्ड पार वर. चित्राखालची अक्षरं लावत लावत त्यानं वाचलं, ट्रायल. म्हणजे पळवायची शर्यत नव्हे, पाय न टेकता अवघड जागा पार करायची. ‘‘हे देख,’’ मिस्त्री म्हणाला, ‘‘तेरी काठीच है ये. बस नीचे दो चक्के लगे.’’

झालं. त्या दिवसापासनं माझ्या डोक्यात दुसरं काही राहिना. जत्रांमधनं असा खेळ करायचा. ड्रमवर फळी, फळीवर गाडी, गाडीवर मी. पण तसली गाडी आपल्याकडं मिळणार कुठं? आपल्याकडं तेव्हा तीनच तऱ्हेच्या फटफट्या. एक जड, ठणठण वाजणारी, पोलीस आणि बागाईतदार वापरायचे ती. दुसरी दोन सायलेन्सरची, पेठेतल्या शेटजींच्या पोरांची. आणि तिसरी दूधवाल्यांची. त्यातलीच एक निवडून तिला ट्रायल करायची होती.

जड गाडी बघायला आम्ही रेल्वेनं जेऊरला गेलो. स्टेशनापासनं जवळच एका बागाईतदाराच्या गोठ्यात ती उभी होती, अंगावर कडब्याचा भुसा. मिस्त्रीनं किक मारली आणि तिचा आवाज ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. ‘‘सुन, पब्लिक इस आवाजकोच आयेंगी,’’ तो म्हणाला. मी म्हटलं, आवाज राहू दे, मला ती बघू दे. माझी गाडी बघायची रीत काठीची होती. इंजिन बंद करायचं, गाडी हँडलला धरून सरळ उभी करायची, मग हात सैल सोडायचे आणि बघायचं, ती कुठं पडू बघते, किती घाईनं पडते, आपल्याला तिच्या खाली जायला वेळ देते का. ही जड गाडी सैल सोडल्याबरोबर जी कलंडली ती मिस्त्रीच्या पायावर. तिचं सगळं वजन खाली, पोटात. बसली तर बसली, उठली तर उठली, मधलं काही तिला ठाऊकच नाही. मिस्त्री परत येताना स्टेशनापर्यंत लंगडत आणि सोलापूरपर्यंत शिव्या देत आला. शिव्या मला, गाडीला नाही.

दोन सायलेन्सरची गाडी सोलापुरातच बघितली. इंजिन सुरेख. पण पहिल्या गिअरमध्येसुद्धा चालत्या माणसाच्या पुढं पळायची. तिला हळू चाल म्हणावं तर आचके देऊन बंद पडायची. श्रीमंताघरची पोर ती, तिला कुठलं थांबणं माहीत. तीही सोडली.

राहिली दूधवाल्याची. वळसंगचा एक गवळी रोज सोलापुरात दूध घालायला यायचा. गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून लटकवून तिचा पार खुळखुळा झाला होता, म्हणून तो ती काढून टाकणार होता. आम्ही वळसंगला गेलो. गाडीला दुधाचा आंबूस वास. सीट फाटकी, टाकीवर शेणाचा हात. मी ती उभी करून हात सैल सोडले. गाडी उजवीकडं कलायला लागली, पण सावकाश. मी पाय सरकवला, ती थांबली. डावीकडं कलली, मी डावीकडं गेलो, ती थांबली.  मी तिला धरून गोठ्याच्या अंगणात एक फेरी मारली, नजर हँडलच्या वर कुठंतरी. मला त्या वेळी जो आनंद झाला तो लग्नातसुद्धा झाला नाही, आता बायको नाही म्हणून सांगतो. मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. जेऊरची राणी सोडून ही गवळण आणली, असं तो पुढं कित्येक दिवस कुरकुरत होता.

मग आम्ही तिला सोलली. दिवा काढला, हॉर्न काढला, साखळीचं झाकण, मागचं कॅरिअर, कॅनचे आकडे, सगळं. मडगार्ड वर चढवले. सीटच्या जागी गोणपाटाची घडी, कारण बसायचंच नव्हतं. सायलेन्सर खाली दगडाला लागू नये म्हणून वाकवून वर घेतला, त्यानं माझी पोटरी भाजायची म्हणून त्याला सुंभ गुंडाळला. सुंभ पेटला. मग पत्रा लावला. गाडीला हळू चालवायचं म्हणजे मागच्या चाकाची, साखळी बसते ती दात्यांची चक्री मोठी पाहिजे. तेवढी मोठी बाजारात मिळेना. ती मी गिरणीच्या वर्कशॉपात, जेवणाच्या सुट्टीत, फोरमनला चहा पाजून लेथवर काढली. दात कानशीनं एकेक घासले. बोटांची सालं निघाली पण ती चक्री बसली, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये गोगलगायीसारखी चालायला लागली. मिस्त्रीनं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली. टायरला आम्ही पटाशीनं खाचा पाडल्या आणि हवा निम्मी ठेवली.

हँडल आणि पाय ठेवायच्या जागा यांवरनं मात्र आमची कडाक्याची जुंपली. मिस्त्रीचं म्हणणं, सगळं खाली घे, गाडी जेवढी जमिनीला धरून तेवढी बरी, पडलास तरी थोडक्यात भागेल. माझं म्हणणं उलटं. काठी जेवढी उंच, शेंड्याला भार जेवढा जास्त, तेवढी ती सावकाश कलते. आखूड काठी चटकन पडते, उंच काठी विचार करून पडते. तेव्हा वर घ्या सगळं. मिस्त्री म्हणाला, ‘‘तू पागल है.’’ मी म्हटलं, फळीवर कोण उभं राहणारंय, तू का मी? शेवटी त्यानं पाण्याच्या पाइपाचं उंच, रुंद हँडल वाकवून दिलं आणि फूटरेस्ट वर आणि मागं वेल्डिंग करून दिले. गाडीवर उभा राहिलो की मी आसपासच्या छपरांवरचं वाळवण बघू शकत होतो.

आणि खरं सांगतो, माझं बरोबर होतं. ती गाडी अशी काही उभी राहायची की बघत राहावं. कलली की मला वेळ द्यायची. मी हँडल जरा वळवायचो, गुडघा जरा बाहेर काढायचो, क्लच जरा सोडायचो, की पुन्हा सरळ. शहराबाहेरच्या माळावर आम्ही रोज सराव करायचो. आधी विटांवरनं, मग पायऱ्यांवरनं, मग आडव्या ड्रमवर ठेवलेल्या फळीवरनं. फळीच्या एका टोकाकडनं चढायचं, मधोमध गेलं की फळी झुलते, तिथं थांबायचं, श्वास धरायचा आणि मग दुसरं टोक अलगद खाली टेकवून उतरायचं.

मिस्त्रीचा एक नियम होता आणि तो दिवसातनं दहादा सांगायचा. गाडी गेली असं वाटलं की सोड. गाडी गेली तर गेली, वेल्डिंग करू. तू मागं उडी मार. ‘‘गाडी मैं बना दूंगा, तेरेकू कौन बनायेगा?’’ मी व्हय व्हय म्हणायचो. सरावात दोन-तीनदा गाडी गेली, खाली मऊ माती होती, मी गाडीसकट पडलो, अंग झाडून उठलो. मिस्त्री बोंबलायचा, छोड बोल्या ना, छोड्या कायकू नई? मी म्हणायचो, पुढच्या वेळी सोडतो.

पहिला खेळ वळसंगलाच केला, गवळ्याच्याच ओळखीनं. बँडवाल्यांनी गाणं धरलं, मी फळीच्या मधोमध थांबलो, गाणं संपलं आणि गावानं जो कालवा केला! एक म्हातारी पुढं येऊन गाडीला हात लावून पाया पडली. मला म्हणाली, लई दूध घातलं हिनं, आता नाचती बी. त्यानंतर पायाला भिंगरीच लागली. इकडनं बोलावणं, तिकडनं बोलावणं. गिरणीत रजा टाकायची, मागं मिस्त्री सायकलवर फळ्या बांधून, पुढं मी. खेळ झाला की दोन दिवस बरे जायचे. तिसऱ्या दिवशी पुन्हा जेवताना पाय हलायला लागायचा.

दसऱ्याला सोनं वाटायला सगळे भाऊबंद घरी जमले होते. तिथं अप्पांनी चारचौघांत सांगितलं, यंदा काठी पोरगा धरंल.  अप्पांचे गुडघे आता बोलायला लागले होते, हे मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडनं हे ऐकणं वेगळं. सगळे गेल्यावर ते मला म्हणाले, ‘‘त्या फटफटीवर चढू नगंस असं मी म्हणत न्हाय. तुझ्या अंगात वारं हाय, ते कुटंतरी जाणारच. पर पाय मोडून घेतलास तर पाळी तुझ्या चुलतभावाकडं जाईल. एकदा गेलेली पाळी परत येत न्हाय. एवढं ध्यानात ठेव.’’

चुलतभाऊ वाईट नव्हता. चांगला दणकट होता, सरावात माझ्यापेक्षा शिस्तीत चालायचा. तेच मला सलायचं. काठी माझ्या हातनं त्याच्याकडं जाणं, हा विचार आला की मला घाम फुटायचा. मी ठरवलं, वैरागचा खेळ कबूल केलाय तेवढा करायचा, मग संक्रांत होईस्तोवर गाडीला हात लावायचा नाही. मिस्त्रीही म्हणाला, ठीक है.

वैरागला बाजाराचा दिवस होता. धान्याच्या राशी, बैल, शेंगा, माणूस माणसाला चिकटलेलं. बाजाराच्या कडेला मोकळ्या जागेत आम्ही ड्रम मांडले. या वेळी मिस्त्रीनं ड्रम आडवे न ठेवता उभे ठेवले, फळीचं वरचं टोक माणसाच्या खांद्याइतकं उंच गेलं. खाली माती नव्हती, मुरूम होता, पायांनी तुडवून दगड झालेला. मला ते दिसत होतं. पण एवढी गर्दी बघून मला आवरेना. अंगात येतं ना, तसं झालं.

पायऱ्या झाल्या, विटा झाल्या. मग फळी. चढलो. मधोमध आलो, थांबलो. बँडनं गाणं धरलं. ही गाडी पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालायची, आणि इंजिन तापू नये म्हणून मिस्त्रीनं त्या दिवशी तेल जरा जास्तच घातलं होतं. उभ्या उभ्या हळू चालत राहिलं की तसल्या इंजिनाचा प्लग तेलानं भरतो. गाणं निम्म्यावर आलं आणि इंजिन दोनदा खोकलं, आणि बंद पडलं. बँडच्या आवाजात कुणाला कळलं नाही. मला कळलं. पायाखालचा जीवच गेला. फळी मागं झुकली, गाडी उजवीकडं कलली.

सावकाश कलली. तेच तर मी तिला शिकवलं होतं. मला सोडून उडी मारायला भरपूर वेळ होता. मिस्त्री खालनं ओरडला तेसुद्धा मला स्पष्ट ऐकू आलं, ‘‘छोड! छोड!’’ डोक्यात मी सोडली. पण हात सुटले नाहीत. हातांना एकच माहीत होतं, पडायला लागली तर खाली अंग घालायचं. मी उजवा पाय काढून खाली घातला, खांदा घातला, आणि त्या उंचीवरनं गाडी अंगावर घेऊन खाली आलो. गाडी माझ्यावर. तिचा आरसा असता तर तोसुद्धा फुटला नसता.

गुडघ्याचा आवाज मी ऐकला. ओली काठी मोडताना होतो तसा. लोकांना वाटलं खेळच आहे, टाळ्या पडल्या. बँड वाजतच होता. मिस्त्रीनं गाडी माझ्यावरनं उचलून फेकली, आणि माझा पाय बघून तो खाली बसला आणि मला शिव्या द्यायला लागला. शिव्या देता देता रडायला लागला. तेरेकू कित्ते बार बोल्या, कित्ते बार बोल्या, एवढंच म्हणत होता. तेलाचं त्यानं स्वतः सांगितलं, अजून सांगतो. मी त्याला कितीदा म्हटलं, तेलानं इंजिन बंद पडलं, पाय मी मोडला.

सोलापूरच्या दवाखान्यात अप्पा आले तेव्हा मला मांडीपासनं घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं होतं. अव्वा रडून रडून थकली होती. तिनं मला देवाची शपथ घालून वदवून घेतलं की ती अवदसा विकून टाकीन. वळसंगचा गवळीच परत घ्यायला तयार होता. अप्पा पायाकडं बघत उभे राहिले. मिस्त्रीनं त्यांना सगळं सांगितलं, कसं इंजिन बंद पडलं, कशी गाडी सावकाश आली, कसं तो सोड सोड ओरडत होता. ‘‘चाचा, इसने छोड्याच नई. उसके नीचे घुस्या.’’

अप्पांनी एकदम माझ्याकडं बघितलं. मग कॉटच्या कडेला बसले आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या हातांकडं बघत राहिले. आयुष्यात मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

भाऊबंदांची बैठक झाली. सगळ्यांचं म्हणणं सरळ होतं, पोराचा पाय मोडला, चुलतभावाला पट्टा बांधा. अप्पा म्हणाले, पोरगा बरा होईस्तोवर मीच धरतो. त्यांचे गुडघे सगळ्यांना ठाऊक होते. कुणी हसलं, कुणी समजावलं. ते हटले नाहीत. रोज संध्याकाळी सरावाची काठी घेऊन मैदानात जायचे, आणि घरी येऊन अव्वाकडनं गुडघ्यांना गरम तेल लावून घ्यायचे. मी खाटेवरनं ते बघायचो. माझ्यासाठी जागा धरून ठेवत होते ते, दुसरं काय.

प्लास्टर निघालं. गुडघा वाकेना. डॉक्टर म्हणाले, बघू, चोळा, हालचाल करा. ‘बघू’ म्हणजे काय ते मला कळत नव्हतं असं नाही, पण कळून घ्यायचं नव्हतं. मी दात खाऊन चोळायचो, भिंतीला धरून चालायचो. अप्पा दिसले की कुबडी बाजूला ठेवून दोन पावलं चालून दाखवायचो. बघा, होतंय की. पुढच्या संक्रांतीला ठणठणीत. अप्पा व्हय म्हणायचे.

जत्रेच्या दिवशी मी पांढरी बाराबंदी घातली, घरातल्या सगळ्या पुरुषांसारखी. सगळ्यांनी नको म्हटलं तरी गेलो. आमचा टप्पा आला. अप्पांच्या कमरेला पट्टा बांधला, खोबणीत बुंधा बसला, आणि हर्र बोला म्हणत गर्दी उसळली. काठी उभी राहिली. अप्पांची मान वर गेली, नजर शेंड्यावर, आणि ते चालायला लागले. त्यांचे पाय थरथरत होते, पण काठी हलत नव्हती. मी त्यांच्या शेजारनं निघालो. कुबडी चुलतभावाच्या हातात दिली. त्यानं ती घेतली. मला अप्पांना दाखवायचं होतं की मी त्यांच्या बरोबरीनं हा टप्पा चालू शकतो. म्हणजे पुढच्या वर्षी.

अप्पा मला बघू शकत नव्हते. काठी धरणारा खाली बघत नाही. पण मी त्यांच्या अगदी जवळ होतो, आणि माझा उजवा पाय प्रत्येक पावलाला रस्त्यावरनं घासत येत होता. घोषणा थांबल्या की तेवढाच आवाज. मी तो उचलून टाकायचा जिवापाड प्रयत्न करत होतो. काठी जरा डावीकडं कलली, अप्पा झटकन डावीकडं गेले. मलाही जायचं होतं. मला जाता आलं नाही. ते गेले आणि मी तिथंच, एका पायावर, त्यांच्यापासनं हातभर लांब राहिलो.

काठी सरळ झाली. अप्पा दोन पावलं चालले. मग वर बघतच, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, ‘‘फटफटी इकलीस का?’’

‘‘उद्या गवळी येणार हाय न्यायला,’’ मी म्हणालो.

‘‘नगं इकूस. तुझ्या अव्वाला मी सांगतो.’’ त्यांच्या मानेवरनं घामाचे ओघळ येत होते. ‘‘मिस्त्रीकडनं पाय ठेवायची जागा सरळ पायाला जमंल अशी करून घे. तुला आता तीच राहिली.’’

मी थांबलो. चुलतभावानं माझ्या बगलेत कुबडी दिली आणि तो धावत पुढं जाऊन अप्पांच्या शेजारी, मी होतो त्या जागेवर चालायला लागला. काठी त्याला घेऊन पुढं गेली. मी भर रस्त्यात, बाराबंदी घातलेला, हमसून हमसून रडलो, आणि मागनं येणारी माणसं मला वळसा घालून जात राहिली.